ग्रामीण काउंटीतील बांधकाम परवाना (अमेरिका)

ग्रामीण काउंटीतील बांधकाम परवाना म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये शहरांच्या हद्दीबाहेरील जमिनीवर घर अथवा अन्य इमारत उभारण्यापूर्वी काउंटी प्रशासनाकडून घ्यावी लागणारी लेखी परवानगी होय. शहरात परवाना देताना मुख्यतः प्रस्तावित इमारत तपासली जाते, कारण नळाचे पाणी, सांडपाण्याची वाहिनी, डांबरी रस्ता आणि अग्निशमन केंद्र तेथे आधीच असते. ग्रामीण भागात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. त्यामुळे इमारतीच्या नकाशापेक्षा तिच्याखालची आणि भोवतालची जमीनच परवान्याचे भवितव्य ठरवते. जमीन खरेदी केली म्हणजे तिच्यावर घर बांधता येईलच, असा समज करून घेतलेल्या अनेक खरेदीदारांना हा फरक अर्ज केल्यानंतर कळतो.

काउंटी आणि तिचे अधिकार

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंटी आहेत. लुईझियानामध्ये त्यांना पॅरिश आणि अलास्कामध्ये बरो म्हणतात. मराठीत काउंटीसाठी 'जिल्हा' हा शब्द अनेकदा वापरला जातो. मात्र भारतातील जिल्हाधिकारी हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो, तर काउंटीचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडलेले मंडळ चालवते. आकारातही फार तफावत आढळते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ५२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारे तिप्पट आहे. याउलट कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत काउंटी केवळ नकाशावर उरली असून तिला स्वतःचे प्रशासन नाही. तेथे परवाने नगरे देतात.

काउंटीच्या क्षेत्रातील जी वस्ती कोणत्याही शहराच्या किंवा नगराच्या हद्दीत मोडत नाही, तिला असमाविष्ट क्षेत्र म्हणतात. परवान्याचा काउंटीचा अधिकार सर्वसाधारणपणे या असमाविष्ट क्षेत्रापुरता असतो. हा अधिकार मूळचा नाही. अमेरिकी राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी नियमन करण्याची सत्ता राज्यांकडे आहे, आणि राज्य जितकी सत्ता सोपवील तितकीच स्थानिक संस्थेला मिळते. आयोवातील न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेले हे तत्त्व 'डिलनचा नियम' म्हणून ओळखले जाते. काही राज्यांनी पुढे काउंटींना व्यापक स्वायत्तता दिली, काहींनी दिली नाही. म्हणून एका राज्यात साध्या गोठ्यासाठी अर्ज करावा लागतो, तर शेजारच्या राज्यात राहत्या घरासाठीही काउंटीचे बांधकाम खातेच अस्तित्वात नसते.

टेक्सास हे दुसऱ्या टोकाचे ठळक उदाहरण होय. तेथील काउंटींना जमिनीच्या वापराची विभागणी, म्हणजे झोनिंग, करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. तरीही टेक्सासच्या ग्रामीण भागात सांडपाण्याच्या टाकीसाठी परवाना लागतो आणि पूरप्रवण क्षेत्रात बांधायचे असल्यास तेथेही परवाना लागतो. 'परवानामुक्त काउंटी' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या जमिनींबाबत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

जमीनवापराची विभागणी

झोनिंगला देशव्यापी कायदेशीर मान्यता १९२६ मध्ये 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर रिअल्टी' या खटल्यात मिळाली. हा वाद ओहायो राज्यातील एका उपनगरी गावाचा होता. ग्रामीण काउंटीमध्ये झोनिंगचा प्रश्न बहुधा किमान क्षेत्रफळाच्या रूपाने समोर येतो: एका घरामागे किती एकर जमीन हवी?

महाराष्ट्रात शेतजमिनीवर घर बांधताना अकृषिक वापराचा प्रश्न जसा आधी सोडवावा लागतो, तशीच रचना ऑरेगन राज्यात अधिक कठोर स्वरूपात आढळते. १९७३ च्या कायद्याने ऑरेगनमधील प्रत्येक काउंटीला राज्याच्या भूनियोजन उद्दिष्टांनुसार आराखडा करणे बंधनकारक झाले. केवळ शेतीसाठी राखलेल्या विभागात नवा भूखंड सामान्यतः ८० एकरांपेक्षा आणि चराऊ जमिनीच्या बाबतीत १६० एकरांपेक्षा लहान पाडता येत नाही. उच्च प्रतीच्या शेतजमिनीवर शेतकऱ्याचे घर म्हणून परवानगी हवी असल्यास त्या जमिनीतून वर्षाला किमान ८०,००० डॉलरचे ढोबळ शेती उत्पन्न मिळाल्याचे दाखवावे लागते. हौसेखातर थोडी शेती घेऊन तेथे बंगला बांधण्याची वाट यामुळे जवळजवळ बंद झाली. शेतजमीन टिकवण्यात या धोरणाला यश आले, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. त्याची किंमत कोणी मोजली, याबद्दल मात्र आहे.

आयोवामध्ये उलट पद्धत आहे. तेथील काउंटी झोनिंगचा कायदा शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीला, गोठ्यांना आणि शेतघरांनाही लागू होत नाही.

सांडपाणी

अमेरिकेतील सुमारे पाचातील एका घराचे सांडपाणी गटारवाहिनीत न जाता त्याच भूखंडावर मुरवले जाते. ग्रामीण भागात हे प्रमाण अर्थातच अधिक आहे. घरातील सांडपाणी प्रथम सेप्टिक टाकीत जाते. तेथे गाळ खाली बसतो आणि उरलेले पाणी जमिनीखाली पुरलेल्या छिद्रयुक्त नळ्यांच्या चरांमधून मातीत झिरपते. शुद्धीकरणाचे खरे काम टाकी करत नाही, माती करते. त्यामुळे मातीची परीक्षा हाच परवान्याचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा टप्पा ठरतो.

पारंपरिक पाझर चाचणीत ठरावीक खोलीचे खड्डे खणून ते पाण्याने भरतात, माती पुरेशी भिजू देतात आणि नंतर पाण्याची पातळी एक इंच खाली जाण्यास किती मिनिटे लागतात ते मोजतात. पाणी फार हळू मुरले तर सांडपाणी वर येऊन साचते. फार झपाट्याने मुरले तर ते शुद्ध होण्यापूर्वीच भूजलात मिसळते. म्हणजे चिकणमाती आणि भरड वाळू दोन्ही नापास होऊ शकतात. अनेक राज्यांनी आता या चाचणीऐवजी किंवा तिच्या जोडीला खोल चर खणून मातीचे थर पाहण्याची पद्धत स्वीकारली आहे. मातीतील राखाडी व तांबूस डागांवरून वर्षातील ओल्या काळात भूजल कुठवर चढते, हे जाणकाराला कळते. उन्हाळ्यात घेतलेल्या पाझर चाचणीत ते लपून राहू शकते.

पाझर चर आणि विहीर यांच्यात अनेक ठिकाणी १०० फूट अंतर आवश्यक असते. शिवाय पहिले क्षेत्र निकामी झाल्यास उपयोगी पडावे म्हणून तेवढीच दुसरी जागा मोकळी राखावी लागते. उतार, ओढा, खडक, शेजाऱ्याची विहीर आणि हद्दीपासूनची अंतरे वजा केल्यावर दोन एकरांच्या भूखंडातही योग्य जागा उरत नाही, असे घडते. घराच्या शयनगृहांची संख्याही येथेच ठरते, कारण सांडपाण्याचे अपेक्षित प्रमाण शयनगृहांवरून मोजले जाते. साधी व्यवस्था शक्य नसल्यास उंचवटा रचून त्यावर पाझर क्षेत्र करणे किंवा यांत्रिक शुद्धीकरण बसवणे हे पर्याय काही ठिकाणी मान्य होतात, पण त्यांचा खर्च कितीतरी अधिक असतो.

पाणी

पाण्याचा पुरावा दोन प्रकारचा असतो. विंधन विहिरीला पुरेसे आणि पिण्यायोग्य पाणी प्रत्यक्ष लागले पाहिजे, आणि ते उपसण्याचा कायदेशीर हक्कही असला पाहिजे. पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत 'जो आधी वापरील त्याचा हक्क आधी' हे तत्त्व चालते. त्यामुळे जमिनीखाली पाणी असणे आणि ते जमीनमालकाचे असणे या वेगळ्या गोष्टी ठरतात.

कोलोराडोमध्ये जमिनीच्या जाहिरातींत ३५ एकरांचे भूखंड सतत दिसतात, त्याचे कारण कायद्यात आहे. १९७२ च्या कायद्यानुसार ३५ एकर किंवा त्याहून मोठे तुकडे पाडल्यास काउंटीची उपविभागणीविषयक मंजुरी लागत नाही. विहिरीचा परवानाही एवढ्या जमिनीवर अधिक उदार असतो: पाळीव जनावरांना पाजणे आणि सुमारे एक एकरापर्यंत बाग भिजवणे यांस मुभा मिळते. त्याहून लहान भूखंडावरील विहिरीचे पाणी बहुधा फक्त घरातच वापरता येते. दारातील झाडाला घालणेही नियमबाह्य ठरते.

वॉशिंग्टन राज्यात या प्रश्नाने २०१६ मध्ये गंभीर वळण घेतले. तेथे घरगुती वापरासाठी दिवसाला ५,००० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे १९,००० लिटर, पाणी उपसणाऱ्या विहिरींना राज्याच्या जलपरवान्यातून १९४५ पासून सूट होती आणि अशा विहिरीच्या भरवशावर काउंटी बांधकाम परवाने देत असत. 'व्हॉटकम काउंटी विरुद्ध हर्स्ट' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नव्या विहिरीमुळे नद्यांतील राखीव प्रवाहाला किंवा आधीच्या हक्कांना धक्का लागत नाही, याची खातरजमा काउंटीने स्वतः करणे आवश्यक आहे. एका घरासाठी जलशास्त्रीय अभ्यास करून घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्यांनी जमीन घेतली होती, काहींनी विहीरही खणली होती, त्यांचे परवाने अडकले. दुसऱ्या बाजूला आदिवासी जमाती आणि पर्यावरणवादी संस्था यांचे म्हणणे होते की, हजारो लहान विहिरी मिळून सामन माशांच्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पाडतात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा केला. काही खोऱ्यांत दैनंदिन उपशावर ९५० किंवा ३,००० गॅलनची मर्यादा आली, ५०० डॉलरचे शुल्क लावण्यात आले आणि प्रवाह पूर्ववत करण्याच्या योजना सुरू झाल्या. दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान झाले नाही.

ॲरिझोनातील रिओ व्हर्डे फूटहिल्स या असमाविष्ट वसाहतीत परवाने मिळाले, पण पाणी गेले. राज्याच्या १९८० च्या भूजल कायद्यानुसार ठरावीक क्षेत्रांत सहा किंवा अधिक भूखंड पाडणाऱ्याला शंभर वर्षांच्या पाणीपुरवठ्याची हमी सिद्ध करावी लागते. पाच किंवा कमी भूखंडांना ही अट नाही. साहजिकच जमीन पाच-पाचच्या तुकड्यांत विकली गेली. ज्यांच्या विहिरींना पाणी नव्हते, अशी काहीशे घरे शेजारच्या स्कॉट्सडेल शहरातून टँकरने येणाऱ्या पाण्यावर अवलंबून होती. दुष्काळाचे कारण देऊन शहराने १ जानेवारी २०२३ पासून तो पुरवठा थांबवला. त्याच वर्षी राज्याने खास कायदा करून तात्पुरती व्यवस्था लावली. प्रत्येक घर नियमानुसार मंजूर झालेले होते. वसाहत म्हणून त्यांचा विचार कोणत्याही टप्प्यावर झाला नव्हता.

रस्ता आणि आग

भूखंडाला सार्वजनिक रस्ता लागून नसेल, तर मधल्या जमिनीवरून जाण्याचा नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क दाखवावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या गाडी जात होती, एवढे सांगून भागत नाही. काउंटी रस्त्याला खासगी वाट जोडण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. वाटेची रुंदी, चढ, वळणाचा घेर आणि वाटेतील पुलाची क्षमता अग्निशमन खाते तपासते, कारण पाण्याने भरलेला बंब तेथवर पोहोचला पाहिजे आणि त्याच वेळी रहिवाशांना बाहेरही पडता आले पाहिजे. लांब वाटेच्या घरांसाठी हा खर्च कधी कधी घराच्या पायापेक्षा जास्त होतो.

कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या ग्रामीण भागात घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवावा लागतो. २००८ पासून अशा क्षेत्रातील नव्या घरांना ज्वलनरोधक छप्पर, ठिणग्या आत न शिरू देणारी झरोक्यांची जाळी आणि तशाच बाह्यभिंती सक्तीच्या आहेत. २०११ पासून राज्यातील सर्व नव्या घरांत पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवणेही आवश्यक झाले. नळयोजना नसलेल्या डोंगरी घरात त्यासाठी वेगळी टाकी आणि पंप ठेवावा लागतो.

पूर आणि पाणथळ जमीन

संघराज्याची राष्ट्रीय पूरविमा योजना १९६८ मध्ये सुरू झाली. तिच्यात सहभागी होणाऱ्या काउंटीला पूरनकाशावर दाखवलेल्या क्षेत्रात, म्हणजे जेथे कोणत्याही वर्षी पूर येण्याची शक्यता किमान एक टक्का आहे तेथे, बांधकामावर परवान्याचे नियंत्रण ठेवावेच लागते. ज्या काउंटींनी इमारत संहिता स्वीकारलेली नाही, त्यांपैकी बहुतेक ठिकाणीही हा एक परवाना टळत नाही.

पाणथळ जमिनीच्या बाबतीत काउंटीचा परवाना पुरेसा नसतो. आयडाहो राज्यातील प्रीस्ट सरोवराजवळ सॅकेट दांपत्याने २००४ मध्ये भूखंड घेतला आणि स्थानिक परवाने मिळवून २००७ मध्ये भराव टाकण्यास सुरुवात केली. जमीन संघराज्याच्या स्वच्छ जल कायद्याखालील पाणथळ आहे, असे सांगत पर्यावरण संरक्षण संस्थेने भराव काढण्याचा आदेश दिला. हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा, २०१२ आणि २०२३ मध्ये, गेला. दुसऱ्या निर्णयाने संघराज्याच्या अखत्यारीतील पाणथळ जमिनींची व्याख्या बरीच आक्रसली. पर्यावरण कायद्याच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण अशा रीतीने एका ग्रामीण घराच्या भरावातून उभे राहिले.

इमारत संहिता आणि अर्जाची छाननी

अमेरिकेत संघराज्याची एकच इमारत संहिता नाही. आगीच्या विमा कंपन्यांच्या संघटनेने १९०५ मध्ये एक आदर्श संहिता प्रसिद्ध केली. पुढे तीन प्रादेशिक संस्थांच्या वेगवेगळ्या संहिता चालत राहिल्या. या संस्थांनी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता परिषद स्थापन केली आणि २००० पासून तिच्या संहिता दर तीन वर्षांनी सुधारून निघतात. एक किंवा दोन कुटुंबांच्या, तीन मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी तिची निवासी संहिता वापरली जाते. राज्य किंवा काउंटी ती स्वीकारते तेव्हाच तिला कायद्याचे बळ येते, आणि स्वीकारताना त्यात फेरफार होतात. उदाहरणार्थ, मूळ मसुद्यात २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली स्वतंत्र शेडला परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १२० चौरस फूट आहे.

अर्जासोबत भूखंडाचा स्थळनकाशा, पायाचा व सांगाड्याचा आराखडा, ऊर्जाविषयक हिशेब आणि वर वर्णिलेल्या खात्यांच्या मंजुऱ्या जोडतात. वारा, भूकंप आणि बर्फ यांचे भार जागेनुसार बदलतात. कॅलिफोर्नियाची एल डोराडो काउंटी सॅक्रामेंटो खोऱ्याच्या कडेपासून ताहो सरोवरापर्यंत पसरलेली आहे. एकाच खात्याला खाली बर्फ न पडणाऱ्या टेकड्या आणि वर हिवाळाभर बर्फाखाली दबणारी छपरे, दोन्हींचे आराखडे तपासावे लागतात. कारखान्यात तयार होऊन चाकांवरून येणाऱ्या घरांना १५ जून १९७६ पासून संघराज्याची स्वतंत्र संहिता लागू आहे. अशा घराची अंतर्गत बांधणी काउंटी तपासत नाही, फक्त पाया, जोडण्या आणि जागा पाहते.

आराखडा झोनिंगला आणि संहितेला धरून असेल तर परवाना देणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते. तो नियमाधीन निर्णय असतो. सूट किंवा सशर्त वापराची परवानगी मागितली की प्रकरण विवेकाधीन होते. मग नियोजन आयोगापुढे जाहीर सुनावणी होते, शेजाऱ्यांना नोटिसा जातात आणि अपील निर्वाचित मंडळाकडे जाते. पहिल्या वाटेवर सहसा काही आठवडे ते काही महिने लागतात. दुसरीला वर्षही पुरत नाही. लहान काउंटीत छाननी करणारा, निरीक्षण करणारा आणि खिडकीवर अर्ज घेणारा एकच माणूस असू शकतो. याचा तोटा उघड आहे. फायदा असा की अर्जदाराला अर्ज करण्यापूर्वीच त्याच्याशी बोलता येते, आणि अनुभवी कंत्राटदार तेच करतात.

परवाना मिळाल्यावर काम मुदतीत सुरू करावे लागते. मूळ संहितेत ही मुदत १८० दिवसांची आहे. पायाच्या चरात सळया बांधल्यावर पण काँक्रीट ओतण्यापूर्वी, सांगाडा, वीज व नळ पूर्ण झाल्यावर पण भिंती झाकण्यापूर्वी, आणि शेवटी घर तयार झाल्यावर तपासणी होते. जे पुढे दिसणार नाही ते झाकण्याआधी पाहणे, एवढेच या क्रमामागचे तत्त्व आहे. अंतिम तपासणीनंतर भोगवटा प्रमाणपत्र मिळते.

शुल्क आणि शीट्झ खटला

छाननी व तपासणीच्या शुल्काबरोबरच अनेक काउंटी रस्ते, शाळा, उद्याने आणि अग्निशमन यांवर पडणाऱ्या भारासाठी प्रभाव शुल्क घेतात. कॅलिफोर्नियात या शुल्काला विशेष महत्त्व आले, कारण १९७८ च्या तेराव्या जनप्रस्तावाने मालमत्ता करावर कडक मर्यादा घातली आणि नव्या सोयींचा खर्च नव्याने येणाऱ्यांकडून वसूल करण्याकडे कल वाढला.

जॉर्ज शीट्झ यांनी एल डोराडो काउंटीतील आपल्या ग्रामीण जमिनीवर कारखान्यात बनलेले एक घर बसवण्यासाठी परवाना मागितला. काउंटीने त्यासाठी २३,४२० डॉलर वाहतूक प्रभाव शुल्क भरण्याची अट घातली. ही रक्कम त्यांच्या घरामुळे प्रत्यक्ष किती गाड्या वाढतील यावरून नव्हे, तर बांधकामाचा प्रकार आणि विभाग यांच्या ठरलेल्या तक्त्यावरून काढली होती. शीट्झ यांनी निषेध नोंदवून पैसे भरले, परवाना घेतला आणि मग दावा लावला.

या दाव्यामागे दोन जुने निर्णय होते. परवान्याच्या बदल्यात मागितलेल्या गोष्टीचा बांधकामाच्या परिणामांशी मूलभूत संबंध असला पाहिजे, असे १९८७ च्या 'नोलन' खटल्यात आणि तिचे प्रमाण त्या परिणामांशी ढोबळमानाने जुळले पाहिजे, असे १९९४ च्या 'डोलन' खटल्यात ठरले होते. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांचे मत असे होते की, ही कसोटी अधिकाऱ्याने एखाद्या अर्जदारावर लादलेल्या अटीला लागते. सर्वांसाठी कायदा करून ठरवलेल्या शुल्काला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२४ रोजी हा भेद एकमताने फेटाळला. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेल्या निकालानुसार, मालमत्ता हक्काचे संरक्षण कायदेमंडळाच्या कृतीलाही तितकेच लागू आहे. मात्र एका संपूर्ण वर्गासाठी ठरवलेले शुल्क प्रत्येक भूखंडापुरते काटेकोर असले पाहिजे का, हा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवून प्रकरण राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवले. शुल्काचे तक्ते जपणाऱ्या काउंटींच्या दृष्टीने तोच कळीचा प्रश्न आहे: प्रत्येक घराचा स्वतंत्र अभ्यास करायचा, तर त्या अभ्यासाचा खर्चही कोणाकडून तरी घ्यावाच लागेल.

स्वतः बांधलेली घरे आणि सवलती

बहुतेक राज्यांत मालकाला कंत्राटदाराचा परवाना नसतानाही स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधता येते. संहितेतून मात्र त्याला सूट मिळत नाही. या नियमाला मोठे आव्हान उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो काउंटीत मिळाले. १९७० च्या दशकात शहरे सोडून आलेल्या तरुणांनी तेथील जंगलात जुन्या लाकडातून, वीज आणि नळाविना घरे बांधली होती. काउंटीने ती पाडण्याच्या नोटिसा बजावल्यावर रहिवासी संघटित झाले. गरिबाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलेले निवाऱ्याचे घर शहरी मापाने मोजू नये, हा त्यांचा मुद्दा राज्यापर्यंत पोहोचला. राज्याने विरळ वस्तीतील स्वनिर्मित ग्रामीण घरांसाठी सौम्य नियम तयार केले आणि ते स्वीकारण्याचा पर्याय काउंटींना दिला. मेंडोसिनोमध्ये ते 'के वर्ग' म्हणून ओळखले जातात. साहित्याची निवड, खोल्यांची मापे आणि वीजव्यवस्था यांत त्यांनी बरीच मोकळीक दिली. आरोग्याला धोका नसावा आणि सांडपाण्याची सोय असावी, या अटी ठेवल्या. ॲरिझोनातील कोचीस काउंटीनेही चार एकर किंवा त्याहून मोठ्या ग्रामीण भूखंडावर स्वतः बांधणाऱ्या मालकाला संहितेच्या तपासणीतून बाहेर राहण्याचा पर्याय दिला आहे.

सवलतींच्या विरोधकांचा युक्तिवादही दुबळा नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियाच्या ब्यूट काउंटीत लागलेल्या 'कॅम्प फायर' वणव्यात ८५ जणांचा मृत्यू झाला आणि १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर झालेल्या एका वृत्तपत्रीय विश्लेषणात २००८ नंतरच्या नियमांनुसार बांधलेल्या घरांपैकी सुमारे निम्मी सुरक्षित राहिल्याचे, तर त्यापूर्वीच्या घरांपैकी पाचातील एकही धड वाचले नसल्याचे आढळले. संहितेतील झरोक्याच्या जाळीचे कलम वाचताना कटकटीचे वाटते. ते का आले, हे अशा रात्री कळते. पण त्याच वणव्यात बेघर झालेल्या अनेकांना नव्या नियमांप्रमाणे घर पुन्हा बांधणे परवडले नाही, हेही तितकेच खरे आहे.

परवान्याविना बांधकाम

विस्तीर्ण काउंटीत विनापरवाना बांधलेले घर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. ते उघडकीस येते शेजाऱ्याच्या तक्रारीने, उपग्रहचित्रांनी किंवा मालकानेच कर्जासाठी अर्ज केल्यावर. निरीक्षक कामावर लाल फलक लावून ते थांबवतो. त्यानंतर नियमित करण्यासाठी पश्चात परवाना घ्यावा लागतो, त्याचे शुल्क अनेक ठिकाणी दुप्पट असते आणि झाकलेले काम दाखवण्यासाठी भिंती उकलाव्या लागू शकतात. भोगवटा प्रमाणपत्राविना बँक गहाणकर्ज देण्यास आणि कंपनी विमा उतरवण्यास सहसा तयार नसते, त्यामुळे असे घर रोखीनेच आणि कमी किमतीला विकले जाते. नवा मालक ते घेतो तेव्हा त्या घरासोबत त्याचे अपूर्ण राहिलेले कागदही त्याच्याकडे येतात, आणि काउंटीची पुढची नोटीस त्याच्याच नावे निघते.